जुळ्याचं बटण

४ जानेवारी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि माझं मागचं पत्र, दोन्ही एकाच पाकिटातून मिळाली. माझ्या पत्रावर लाल शाईचे सात गोल! आजोबा, मी अडतीस वर्षांची आहे आणि माझ्या हाताखाली नऊ माणसं काम करतात, एवढं लक्षात असू द्या.

बातमी अशी की लस तयार झाली. सहा वर्षं उंदरांवर काढल्यावर आता माणसांना टोचायची परवानगी मिळाली. फुप्फुसात वाढणाऱ्या बुरशीवरची ही लस. धडधाकट माणसाचं ती बुरशी काही वाकडं करत नाही, पण कॅन्सरच्या औषधांनी ज्याची ताकद खचली आहे त्याला गिळते.

पहिल्या चाचणीला पंचावन्न ते सत्तर वयाची चाळीस निरोगी माणसं हवीत. आलीत अकरा. मार्चअखेर कुप्यांची मुदत संपते. तोवर चाळीस भरली नाहीत तर सहा वर्षं मोरीत ओतायची. माहितीपत्रक वाचून लोक उठून जातात. एक बाई म्हणाल्या की पावावर आलेली बुरशि आम्ही फेकून देतो, आणि तुम्ही ती दंडात भरणार? लशीत जिवंत बुरशी नसतेच, पण पत्रकातून ते कळत नाही. ते आम्हीच लिहिलंय, आणि मलाही दुसऱ्या वाचनात समजतं. तुम्ही लिहून द्याल?

लोभ आहे तो वाढू द्या, लाल शाई तेवढी आटू द्या.
तुमची नात

१२ जानेवारी

चि. बुरशी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘बुरशि’ ऱ्हस्व लिहिलीस. ज्या शत्रूशी लढायला निघालीस त्याची वेलांटी तरी नीट दे.

कंपासपेटीत पावाचा तुकडा दडवून रोज भिंगातून पाहणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला हे नाव मीच ठेवलं. तुझी आई ती पेटी फेकायला निघाली तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. परवा खिडकीशी बसून तेच आठवत होतो. चहा निवून गेला.

पत्रक सोबत आहे. आर्या वृत्तात बसवलंय. वर्गात चाळीस वर्षं कविता म्हणून घेतल्या, चालीवर बसलेलं माणूस विसरत नाही. आणि बारावं नाव माझं लिही. दंड अजून शाबूत आहे.

तुझ्या पत्राची वाट पाहणं हा माझा सध्याचा उद्योग आहे, तो बंद पडू देऊ नये.
तुझा आजोबा

२० जानेवारी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या आर्या पत्रक तपासणाऱ्या समितीपुढे मोठ्याने वाचल्या गेल्या. अध्यक्षबाईंनी हसून हसून चष्मा पुसला, एका वयस्क डॉक्टरांनी दोन कडवी उतरून घेतली. पण आर्येत ‘दुष्परिणाम’ बसेना म्हणून तुम्ही तो गाळलात, आणि नेमका तोच गाळता येत नाही. दंड दुखेल, ताप येईल, हे सांगावंच लागतं. तेव्हा गद्यात लिहा.

तुमचं नाव नाही घेता येत. एक तर तुम्ही ब्याऐंशीचे, दुसरं म्हणजे माझे.

मुख्य अडचण समजून घ्या. जंतू आपल्या शरीराला परके, चटकन ओळखू येतात. बुरशीची पेशी मात्र घडणीने आपल्या पेशीची लांबची बहीण. शरीराचे पहारेकरी फसतात. तिच्या आवरणावर आपल्याकडे नसलेल्या दोन खुणा आहेत, लस त्या तेवढ्या दाखवते. दोन अशासाठी की बुरशी कधीकधी एक लपवते. दोन लिहायला विसरू नका.

रागावू नये, आणि माया पातळ करू नये.
तुमची नात

२ फेब्रुवारी

चि. बुरशी हिस,
अनेक आशीर्वाद.

गद्य तर गद्य. दुष्परिणाम ठळक घातले आहेत.

तुझ्या पत्रातली ‘लांबची बहीण’ वाचली आणि थेट चौथीच्या वर्गात जाऊन पोचलो. पाठीमागच्या बाकावर दोन जुळे भाऊ. एकाने खोडी काढावी, दुसऱ्याने ओरडा खावा. हजेरीला एकमेकांचे ‘हजर’ देत. शेवटी मला खूण सापडली. धाकट्याच्या कॉलरचं बटण निळं, बाकीची पांढरी. त्या दिवसापासून माझी फसगत झाली नाही. तीच गोष्ट पत्रकात लिहिली आहे. लस म्हणजे शरीराला ते निळं बटण दाखवणं. खूण मी एकच ठेवली. दोन केल्या तर गोष्ट लंगडते.

थंडीत कान झाकावेत आणि आम्हाला विसरू नये.
तुझा आजोबा

२६ मार्च

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

चाळीस झाली! काल चाळिसाव्या माणसाला लस टोचली. कुणाला तापापलीकडे काही नाही.

आता शांतपणे वाचा. तुमची गोष्ट मी तशीच छापली, खाली एक ओळ घातली, की बुरशी एक खूण लपवू शकते म्हणून लशीत दोन आहेत. गेल्या महिन्यात एक निवृत्त बसचालक आले. बाकावर बसून पत्रक वाचता वाचता एवढे हसले की परिचारिका धावत आली. मग म्हणाले, हे मास्तर मला ठाऊक आहेत, यातला थोरला मीच. नाव सांगायची मला मुभा नाही, पण निरोप त्यांनीच धाडला आहे. बटण सापडल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ते दोघे भाऊ शर्टांची अदलाबदल करू लागले होते. वर्षभर तुम्ही थोरल्याला धाकटा समजलात. कविता पाठ म्हणण्याचं बक्षीस धाकट्याला दिलंत, म्हटली होती यांनी.

हसू ओसरल्यावर त्यांनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी धाकट्याने कॅन्सरला हरवलं, आणि मग याच बुरशीने त्याला नेलं. एवढं बोलून त्यांनी सही केली. पुढच्या आठवड्यात आगारातले अकरा जुने सोबती घेऊन आले. त्यांना बाकावर बसवून गोष्ट स्वतः वाचून दाखवली, दुष्परिणामांसकट.

तुमच्यामुळे झालं हे, असं मी सगळ्यांना सांगत फिरते.
लोभाची मला सवय झाली आहे, ती मोडू नये.
तुमची नात

३ एप्रिल

चि. बुरशी हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

दोन दिवस दार लावून शाळेतल्या जुन्या वह्या चाळत बसलो. शेजाऱ्यांना वाटलं, बरं नाही. तो धाकटा गेला. आता त्याचा चेहरा आठवू म्हणतो, तर दोघांचा एकच येतो.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांखाली लाल रेघ ओढली. आज माझ्या ‘एकच खूण’खाली ओढली आहे. तुझ्या दोन बरोबर. चौथीतल्या दोन पोरांनी जे मला शिकवलं होतं, ते कळायला मला बावन्न वर्षं आणि एक नात लागली.

सोबत माझी शाळेतली कवितांची वही पाठवतो. चालकमहाशयांना पोचती कर. पहिल्या पानावर लिहिलं आहे: पाठांतराचं बक्षीस, थोरल्यास, उशिराबद्दल क्षमस्व.

शेजारी, पोस्टमन, औषधवाला, सगळ्यांना सांगून झालं की लस माझ्या नातीची आहे. औषधवाल्याला दोनदा. तुझ्या यादीत माझं नाव बसलं नाही. चूक मात्र बसली, आणि बारा माणसं घेऊन आली. मला पुष्कळ झालं.

लोभ आहेच, आता अभिमानालाही थोडी जागा कर.
तुझा आजोबा

ता. क. तुझ्या या खेपेच्या पत्रात सगळ्या वेलांट्या जागच्या जागी. लाल पेन रुसून बसलंय.