ल्युटीच्या कोलार्डमधला खांब

टर्नर्स बेंड, अलाबामा
३ मे २०१४

तुमच्या कॉलेजच्या त्या मांडवाचा खांब नेमका शेजारच्या ल्युटीच्या कोलार्डच्या भाजीतच रोवायचा होता का? बाकीच्या मोकळ्या जागेला काय रोग आला होता? हे आधी लिहून टाकते, नाहीतर खुशाली विचारता विचारता राहून जायचं.

चि. डेल्फीनला आजीचे आशीर्वाद, आज उरलेत तेवढे. फोन करत नाही, कारण फोनवर तू आधी रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते.

डोळ्याचं ऑपरेशन करून ल्युटी परवा लेकाकडून परत आली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नाहीच. पिशवी खाली ठेवली न ठेवली तोच काठी टेकत समोरच्या मैदानात निघाली, शेंगा चाचपायला. तिच्या आईच्या हातचं बी ते. हिवाळाभर पानं खुडून शिजवायची, पण काही झाडं बियांसाठी राखायची. थंडी सरली की ती झाडं माणसाएवढी वाढून पिवळी फुलतात. परक्याला वाटतं, तण माजलंय. तुला नाही वाटणार. त्याच फुलांवरच्या माश्यांना भिऊन तू माझ्या झग्यात तोंड लपवायचीस. बरणीतल्या बियांना गेल्या साली बुरशी आली, म्हणून निवडून निघालं ते सगळं तिने पेरलं होतं. आता घरात दाणा नाही.

तिचा हात लागला तो सिमेंटला. झाडं कुठायत म्हणून तिने मला विचारलं. मी म्हटलं, डेल्फीनच्या वर्गातली शहरातली पोरं ती, त्यांना तण काय न भाजी काय. तर ती म्हणते, पोरांना कशाला बोलतेस, आपली डेल्फीन त्या दिवशी तिथं नसणार. असती तर तिने कुणाला हात लावू दिला नसता.

वर सतराला, शनिवारी, तुमचा वर्ग गल्लीसाठी करतोय त्या बागेची फीत कापायला ती येणार आहे. गल्लीतली सगळ्यात म्हातारी म्हणून तुम्हीच बोलावलंय ना! चर्चची निळी हॅट पेटीतून काढून ठेवलीय तिने.

तर मला एवढंच कळव, ती झाडं कापा असं कुणी सांगितलं?

मटार सोलून तुझ्यासाठी फ्रीजरमध्ये टाकलेत. परीक्षेच्या नावाखाली उपाशी राहू नकोस. रागावलेय तोवर माया आहे असं समज.

तुझी आजी,
ओझेला

---

वसतिगृह
७ मे २०१४

ती. आजीस डेल्फीनचा सा. न. वि. वि. तुझं पत्र आल्यापासून उशीखाली आहे. रोज काढते, वाचते, परत ठेवते.

मीच सांगितलं, आजी.

आखणीच्या दिवशी सरांनी विचारलं, ही उंच झाडं कुणी लावलीत का. गावची म्हणून सगळे माझ्याकडे वळले. नेहमीच वळतात. पाणी कुठे साचतं, म्हातारी माणसं कुठे बसतील, डेल्फीनला विचारा. मांडवाचं चित्र माझं होतं. सगळ्या वर्गातून माझं निवडलं होतं. खांब सरकवला असता तर छताची सगळी मापं बदलली असती आणि सत्र संपायच्या आत मांडव उभा राहिला नसता. मी मान हलवली. म्हटलं, आपोआप उगवलंय, कुणाचं नाही. कापायला कितीसा वेळ लागतो! मी दोरी धरून उभी होते, तिकडे बघितलं नाही.

संध्याकाळी पाचोळ्याच्या ढिगातून शेंगा वेचल्या आणि इथे खिडकीत वाळवल्या. कोवळ्याच होत्या. दाणे सुरकुतले. ओल्या कापडात ठेवून पाहिले, एकही फुटला नाही.

दुकानात कोलार्डच्या बियांची पाकिटं मिळतात. मी वाफा करून देईन. खांबाशेजारी मिस ल्युटीच्या नावाची पाटी लावू, मुलं तयार आहेत. त्यांना मी एवढंच सांगितलंय की तिथे पूर्वी एक आजी भाजी लावायच्या.

पण तिला खरं सांगू नकोस गं, निदान सतरा तारखेपर्यंत. ती हॅट घालून, कात्री घेऊन माझ्या शेजारी उभी राहणार. मला नाही सोसणार.

लोभ आटला नसेल तर थोडा माझ्यासाठी ठेव.

तुझी,
डेल्फीन

---

टर्नर्स बेंड
१० मे २०१४

पाटी म्हणे! ल्युटीला समोरची गाय दिसत नाही, ती पाटी वाचणार? आणि जित्या माणसाच्या नावाची पाटी कशाला? पाकिटातलं बी तुझ्या सरांना दे.

चि. डेल्फीनला आशीर्वाद. मला ठाऊक होतं. मी पोर्चवर मटार सोलत बसले होते. तू मान हलवलीस ती मी पाहिली. माझ्या डोळ्यांवर पट्टी नाही. एक हाक पुरली असती. ल्युटी शिंकली तरी मला घरात ऐकू येतं, तुला माझी हाक आली नसती होय?

पण तुझ्या डोक्यावर ते पिवळं हेल्मेट, आणि सरांसकट सगळी तुझ्या तोंडाकडे बघतायत. ह्या गल्लीतल्या पोरीच्या तोंडाकडे कुणी असं बघितलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मला ते मोडवेना. भाजीच ती, म्हटलं, आणि सोलत राहिले. वर तुम्हा सगळ्यांना गार चहा पाठवला. म्हणून मागच्या पत्रात तुला विचारलं. वाटलं, तू खोटं लिहिलंस तर मलाही गप्प बसायला बरं. तू खरं लिहून बसलीस.

काल ल्युटी माझ्यासाठी मक्याचा पाव घेऊन आली, माझं तोंड उतरलेलं वाटलं म्हणून. झाडं माझी गेली न तू का लावून घेतेस, म्हणून मलाच दटावलं. सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा पावाचं कौतुक बाहेर पडलं.

आता मी सांगते तसं कर. ल्युटीला पत्र लिही, शनिवारच्या आत पोचेल असं. तिची पत्रं मीच वाचून दाखवते. तू मान हलवलीस ते लिही, का हलवलीस तेही लिही. आणि तेव्हा आजी पोर्चवर बसून बघत होती हेही लिही. ते मधेच कुठंतरी घाल. शेवटी घातलंस तर तिथवर येऊन मी कागदाची घडी घालीन, मी मला ओळखते. मग फीत कापायची की घरी बसायचं ते तिचं ती बघेल.

परीक्षा झाली असेल. मटार अजून फ्रीजरमध्येच आहेत. तुझ्यावर माया आहे, ती ह्याने कमी होत नाही, हीच तर अडचण आहे.

तुझी आजी,
ओझेला

ता. क. ह्या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. उत्तर ल्युटी देईल. ती बोलेल ते मी एक शब्द न गाळता लिहून घेईन, आणि तू घरी आलीस की ते मला मोठ्याने वाचून दाखवायचंस, त्यात माझ्याही वाट्याचं असेल.