अशी पेशंट आलीच नव्हती

४ नोव्हेंबर
ही वही घेऊन कितीतरी महिने झाले, पण लिहायला बसलोच नाही. मनोरीला एका बंगल्याची राखण करायचो तेव्हा वेळ समुद्रावर भटकण्यात जायचा. मग घाटकोपरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होतो, तिथे मालकाशी भांडण्यात. आज मात्र मूड झकास आहे. जोगेश्वरीत डॉ. देवेश यांच्या दवाखान्यात लागलो. मागच्या खोलीत राहायचं, नाव पुकारायचं, कॉम्प्युटर सांभाळायचा. डॉक्टरांनी शिक्षण विचारलं. म्हटलं, अर्धी बारावी, बाकी सगळं फोनवर बघून. ते हसले, म्हणाले, मग पगारही तसाच घे. झाडलोट करणाऱ्या मालनमावशींनी आल्या आल्या चहा दिला आणि बजावलं की मुकुल, वजनकाट्यावर रोज उठून उभा राहू नकोस, नवीन आलेले सगळे राहतात. दुपारी दवाखाना बंद असतो. तपासायच्या बाकावर अशी झोप लागते म्हणता!

६ नोव्हेंबर
डॉक्टरांना सगळे केसपेपर कॉम्प्युटरमध्ये हवेत, पण खिशातून दमडी सुटत नाही. मी सांगितलं, दवाखान्याचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळतं, जगभरचे लोक मिळून बनवतात, कोणीही न्यावं. फुकट म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, मग विचारतोस काय, टाक.
मला वाटलेलं, गेम टाकतो तसं, एक आयकॉन येईल नि झालं. छे. आधी त्याने स्वतःसाठी डेटाबेस टाकला, म्हणजे माहितीची कोठी. मग एक सर्व्हिस. ती कुठे दिसत नाही, पण कॉम्प्युटर चालू झाला की आपली आपण जागी होते. बाहेरून आत यायला वाट उघडू का, असं विचारलं. मी न वाचता ‘हो’ दाबलं. स्वतःच्या नावाचा वेगळा युजरसुद्धा करून घेतला. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, भाडेकरू म्हणून जावई आणलास की रे.
एक गोष्ट आवडली. इथे काही पुसता येत नाही. नोंद फक्त ‘रद्द’ होते. त्यालाही कारण लिहावं लागतं आणि रद्द करणाऱ्याचं नाव खाली कायम राहतं.

१५ नोव्हेंबर
आज राजाराम नावाचे एक काका आले. त्यांची मुलगी चेतना मे महिन्यात ताप घेऊन इथे आली होती, इंजेक्शन घेतलं, आणि मोठ्या हॉस्पिटलात नेताना रिक्षातच गेली. तिचा केसपेपर मागत होते. मी तो कालच चढवला होता. डॉक्टरांनी मला आत ओढलं, कागद माझ्यासमोर फाडला आणि नोंद रद्द कर म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, लिही, अशी पेशंट आलीच नव्हती.
लिहिलं. माझ्या नावाने.
मग स्क्रीन फिरवून काकांना दाखवली, बघा, नाव नाही. ते जवळ वाकून वाचत राहिले. म्हणाले, पोरा, त्या बाकावर मीच बसवली होती रे तिला. आणि गेले.
मावशी मग बोलल्या. पोरगी दोनदा सांगत होती, हे इंजेक्शन मला चालत नाही. डॉक्टर म्हणाले, डॉक्टर तू की मी?
खारदांड्याहून आणलेलं सुकट भाजायला घेतलं ते करपवलं. जेवलोच नाही.

१७ नोव्हेंबर
कॉम्प्युटर चालू केला तर माझ्या नावाखाली आणखी एक युजर. चेतना. मी केलेला नाही. सॉफ्टवेअरने केला तो वेगळा, तो तिथेच आहे. हा काढायला गेलो तर म्हणे, तुम्हाला अधिकार नाही.
दुपारी बाकावर आडवा झालो. रेक्झिन गरम. तापलेलं अंग आत्ताच उठून गेल्यासारखं.

१९ नोव्हेंबर
रद्द नोंदींत नवीन ओळ. डॉ. देवेश. कारण: असा डॉक्टर नव्हताच. रद्द करणारी: चेतना.
डॉक्टर आले नाहीत. त्यांचा नंबर माझ्या फोनमधूनच गेलाय. मावशींना विचारलं. कुठला डॉक्टर रे? हा गाळा रिकामाच असतो, गाळ्याचा शेठ सांगतो म्हणून झाडते. मस्करी करत नव्हत्या. बाहेरच्या पाटीवर नुसतं ‘दवाखाना’ — नाव खरवडल्याची खूणसुद्धा नाही.
आणखी एक ओळ आहे. मुकुल. कारणाची जागा रिकामी. कर्सर लुकलुकतोय. माझी वाट बघतेय ती.

२० नोव्हेंबर
तिची नोंद परत आणता येते. बटण आहे. पण मग खरं काय ते लिहावं लागेल, खाली माझं नाव, उद्या पोलीस — नको. त्यापेक्षा सॉफ्टवेअरच काढून टाकतो.
काढलं. आयकॉन गेला. सुटलो.

नाही सुटलो. सर्व्हिस चालूच. कोठी तशीच. तिचा युजर तसाच. अनइन्स्टॉल केलं की आपला पडदा तेवढा जातो, माहिती ठेवून देतात, कुणाची हरवू नये म्हणून. माझं दार गेलं. तिचं राहिलं.
पुन्हा टाकलं. लिहितो म्हटलं, सगळं खरं लिहितो. त्याने कोठी ओळखली. मला नाही. असा युजर नाही, म्हणे.

२१ नोव्हेंबर
मावशींचा झाडू माझ्या पायांवरून गेला. हाक मारली. वर बघितलं नाही.
आईला गावी फोन केला. मुकुल बोलतोय गं. म्हणाली, माका झील नाय रे बाबा, दोन चेडवांच आसत. तिला मुलगाच नाही, दोन मुलीच. मागे त्या दोघी, माझ्या बहिणी, हसत होत्या.

२१, दुपार
राजारामकाकांकडे जायचं होतं — पत्ता त्या नोंदीतच राहिला — रस्त्यावर विचारतोय, कोणी थांबत नाही — रिक्षावाल्यालाही मी दिसत नाही, अंगावरून —
परत आलो. कुठे जाणार.
काका, ती आली होती. मी खोटं दाखवलं. हे तरी कोणी वाचा —
दार उघडलं. ती —
नाही. डॉक्टर! डॉक्टर आलेत. म्हणतात, मी कुठे गेलोच नव्हतो रे, तुझ्यासमोर उभा राहून ओरडत होतो. रडतायत. बाही वर करून दंड दाखवतायत — सुया, नुसत्या सुया, काळानिळा — नको म्हटलं तरी टोचते, म्हणतात — दोनदा सांगितलं तरी —
पण मला हे दिसतायत, म्हणजे मी आता —