अनुक्रमांकाचा रकाना

३ मार्च, मंगळवार
आलं एकदाचं सॉफ्टवेअर! आणि ते चालवायला एक चष्मेवाली. दुधाची आम्लता कशाकशानं वाढते ते आता कॉम्प्युटर सांगणार. तापमान, धार काढल्यापासूनचे तास, कॅन किती भरलेला — हे तीन स्वतंत्र चल घ्यायचे, आणि माझ्या वर्षभराच्या सातशे आकड्यांतून एक वक्र बसवायचा. सव्वीस वर्षं मी डेअरीच्या लॅबमध्ये हेच मोजतोय. नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं, दुधावर फिकट गुलाबी झाक आली की थांबायचं. जितके जास्त थेंब, तितकं दूध आंबट. याला वक्र कशाला?

५ मार्च
नाहीच बसला! अर्धे ठिपके वक्राबाहेर. "सर, समीकरणातल्या सुरुवातीच्या किमती बदलून बघते." बघ बाई. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

६ मार्च
आज नऊ जणांचं दूध परत. लोक हल्ली फार निष्काळजी झालेत. त्यात अक्काचंही, महिन्यात तिसऱ्यांदा. सख्खी थोरली बहीण, म्हणून काय झालं? फाटकाशी उभी राहून म्हणाली, "अरे, कॅन मी स्वतः उकळत्या पाण्यानं धुते. वीस वर्षांत कधी दूध परत आलं नव्हतं माझं." म्हटलं, नळीतला आकडा नातं बघत नाही. तर म्हणे, गायीच विकते. विक! राग नाकावर, आणि कॅन धुवायचा कंटाळा.

१० मार्च
कहर! बाईंनी अनुक्रमांकाचा रकानाच चौथा चल म्हणून टाकला. नमुना पहिला की सातशेवा, याचा दुधाशी काय संबंध? उद्या माझ्या शर्टाची बटणं मोजून टाकेल. आणि वक्र बसला — इतका चपखल की ती खुर्चीवरून उठलीच. "सर, बाकी सगळं सारखं असलं तरी क्रमांकाबरोबर, म्हणजे दिवसांबरोबर, आम्लता वाढतेय. मोजण्यातच काहीतरी सरकतंय."
मोजतो मी!

१२ मार्च
तिनं द्रावण नवं केलं, नळी बदलली. फरक शून्य. जिरली! तरी म्हणते, "उद्या एकच दूध आपण दोघं मोजू या?" हसू आलं.
घरीही एक विदुषी आहेच. "एका पायात निळा मोजा, एका पायात हिरवा. लक्ष कुठंय तुमचं?" अगं, दिवा बदल आधी. पिवळट झालाय नुसता.

१३ मार्च
एकच दूध, दोन फ्लास्क. ती मध्येच थांबली. "झालं, सर." कुठं झालं? पांढरंफटक होतं! मी आणखी चार थेंब सोडले तेव्हा कुठं झाक दिसली. न्यायनिवाड्याला शिपायाला बोलावलं. तिच्या फ्लास्ककडे बघून म्हणाला, "हा गुलाबी." माझ्या फ्लास्ककडे बघून जरा घुटमळला. "साहेब, हा तर भडक झालाय."
दोघं मिळालेत एकमेकांना!
तिचा फ्लास्क खिडकीत नेऊन पुन्हा पाहिला. तरी पांढराच.

१६ मार्च, सोमवार
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर तरी वाढतोय म्हणाले डॉक्टर. फिके रंग आधी जातात, माणसाला कळत नाही.
अक्काचं दूध चांगलं होतं.
दवाखान्याच्या पायरीवरूनच तिला फोन लावला. भाच्यानं उचलला. "मामा, आई गोठ्यात बसलीय. गायी कालच गेल्या."