गटारावरची फांदी

नालासोपारा

तीर्थरूप आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून शालन लिहिते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. गुडघ्याला तेल लावतेस ना?

गेल्या पावसात हे ज्या उघड्या गटारात पडून गेले, त्यावर कॉलेजच्या मुलांनी फिल्म केली. लोकांना कळावं म्हणून मी तिथे फांदी रोवली होती. गटार नीट दिसेना, म्हणून मुलांनी ती उपटली.

"काकू, शॉट झाला की लगेच लावते हां," त्यांच्यातली अश्लेषा म्हणाली, आणि विसरली. संध्याकाळी शेजारीण फ्लॉसी त्यात पडता पडता वाचली.

फिल्मला बक्षीस मिळालं. मुलं पेढे घेऊन आली. पोरं चांगली आहेत गं. झाकण मात्र बसलं नाही, बसेल असं आता वाटतही नाही.

फांदी वाळली की मी नवी रोवते. काळजी करू नकोस, मी बघून चालते.

तुझी,
शालन