पांढऱ्या खड्यांची बाटली

शहापूर, बेळगाव
६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

चि. सौ. पूर्णिमाला आक्काची खूप खूप माया आणि आशीर्वाद. राजकुमाररावांना नमस्कार. प्रियदर्शनीला आणि तिच्या छोटीला माझा पापा.

आज सकाळपासून आपली मागाची खोली डोळ्यांपुढे आहे. कॉन्व्हेंटमधून आलो की बूट काढायच्या आत आप्पा आपल्यापुढे सुताच्या लडींची टोपली ठेवायचे आणि म्हणायचे, "रंग येगळं करा गं, मग खावा काय खायाचं ते." तू दोन लाल हमखास एकत्र करायचीस. मी लडी दारात नेऊन उजेडात धरायचे आणि सांगायचे, हा डाळिंबी, हा कुंकवाचा. "पूर्णे, तुझं डोळं शाळंतच ऱ्हायलं काय गं?" आप्पा विचारायचे, आणि तू युनिफॉर्मच्या बाहीला नाक पुसत माझ्यावर डोळे वटारायचीस. मला आठवतो त्या दिवशी आईने भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. मधला माग बंद होता. एवढंच. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू हल्ली दोनदोनदा विचारतेस, "आक्का, तू बरी हाईस न्हवं?" आणि मग मी फोन ठेवून देते.

आधी चांगलं सांगते. सिद्धेशचा स्वरूप आता पूर्ण बरा आहे. कालपासून वरणभात खातो, मांजराच्या मागे पळतो. घसा बसला होता तोही मोकळा झाला.

आता तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. प्रियदर्शनीने छापील कापडावर रंगीत खडे चिकटवून करायच्या चित्राचा संच मागवलाय आणि ते बारीक खडे ठेवायचे कसे ते तिला कळत नाही, असं तू म्हणालीस. तिला सांग, सगळ्या पुड्या एकदम फोडायच्या नाहीत. एक पुडी उघडायची, एका बाटलीत ओतायची, झाकण लावायचं, मगच दुसरी. माझ्याकडे फिरकीच्या झाकणाच्या साठ बाटल्या आहेत, माझ्या अंगठ्याएवढ्या. प्रत्येक झाकणावर पुडीवरचा आकडा लिहायचा आणि त्याच रंगाचा एक खडा गोंदाने चिकटवायचा. आकडा पुसला तरी खडा सांगतो, खडा पडला तर आकडा. आपल्याकडच्या पावसात खडे एकमेकांना धरून बसतात, म्हणून नव्या पर्समध्ये येते ती ओल शोषणारी पुडी बाटलीत टाकायची. थंडीत उलट, ते बोटांना आणि बाहीला चिकटतात, तेव्हा ओल्या फडक्यावर हात टेकवून मग काम करायचं. खाचांच्या ताटलीत थोडेसेच घ्यायचे आणि ताटली नुसती हलवायची. सगळे आपोआप चकचकीत बाजू वर करून बसतात. मग पेनाच्या मेणाच्या टोकाने एकेक उचलून कापडावरच्या खुणेवर ठेवायचा. घाई केली की रांग वाकडी होते. सिस्टरांच्या शिवणाच्या तासासारखंच आहे बघ सगळं, फक्त कुणी उसवायला सांगत नाही.

आणि घरात लहान मूल असेल तर बाटल्या उंचावर, कुलपात. हे वाक्य प्रियदर्शनीला दोनदा वाचून दाखव.

सव्वीस तारखेला काय झालं ते तुला राजकुमाररावांकडून अर्धवट कळलं असेल. स्वरूपचं बोरन्हाण होतं. दीड वर्षाचं मूल, दुसरीच संक्रांत त्याची. सिद्धेश म्हणत होता, "आई, दागिने विकतचे आणूया, हल्ली सगळं मिळतंय." मी ऐकलं नाही. काळ्या कापडावर हलवा ओवून मुकुट केला, कंठी केली, बाजूबंद केले. गल्लीतली दहाबारा मुलं, त्यांच्या आया. स्वरूप पाटावर बसला आणि मुकुट काढून चाटायलाच लागला. शेजारची मनुबाई म्हणाली, "बघा वो, राजानं राज्यच खाल्लं की!" सगळ्या हसल्या.

मग मी त्याच्या डोक्यावरून माप ओतलं. चुरमुरे, बोरं, शेंगा, उसाचे करवे, हलवा. मुलं तुटून पडली. स्वरूपनेही मूठ भरली आणि तोंडात घातली.

आधी खोकला आला. मग खोकलाही येईना. ओठ जांभळे झाले, पूर्णी. सिद्धेशने त्याला पालथा धरून पाठीवर थापट्या मारल्या, तसंच गाडीत घातलं. दवाखान्यात दुर्बीण घालून श्वासनळीतून खडा काढला. पांढरा, गोल, मोहरीहून थोडा मोठा. तीन दिवस ठेवून घेतलं. बाकीच्या मुलांच्या तोंडात बोटं घालून आयांनी खडे काढले. देवाची कृपा, कुणाला काही झालं नाही.

झालं असं की मालुबाईने हलव्याची म्हणून खड्यांची बाटली मापात रिकामी केली. सूनबाईने, ऋतिकाने, तिला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. एकोणीस वर्षं होती ती आपल्याकडे.

निपाणीला थंडी कमी झाली का? तुझे गुडघे कसे आहेत? इथे


७ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

काल "इथे" लिहिलं आणि पुढे काही येईना. वरचं खोडत नाही. मी कशी लिहिते ते तुला दिसू दे.

बाटली मालुबाईने ओतली हे खरं. तिला ती मी दिली.

हलव्याला दमट हवा लागली की काटे विरघळतात, हे तुला ठाऊक आहे. म्हणून दागिने करून उरलेला हलवा मी माझ्या सवयीने फिरकीच्या बाटल्यांत भरला, ओल शोषणारी पुडी घालून. स्वरूपसाठी हत्तीचं चित्र करत होते, त्याच्या सुळ्यांचे पांढरे खडे टेबलावरच होते. पांढऱ्या बाटलीशेजारी पांढरी बाटली. मी इतकी नीटनेटकी, म्हणूनच हे झालं. हलवा आपल्या स्टीलच्या डब्यात असता तर झालं नसतं.

त्या दिवशी मालुबाई माप भरत होती. मी दोन बाटल्या तिच्या हातात दिल्या. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण नजर तिखट आहे. तिने एक बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "आक्का, ह्यो बी हलवाच न्हवं? ह्येला काटंच न्हाईत की वो."

मी बाटली हातात घेतली. झाकणावरचा आकडा वाचला. आकड्याशेजारी चिकटवलेला खडा पाहिला. सगळं दिसत होतं मला, चष्मा होता डोळ्यांवर. पण ते काय आहे ते मला कळेना. जसं आपण अनोळखी माणसाकडे बघावं तसं मी त्याकडे बघत होते. आणि मालुबाई वाट बघत होती म्हणून मी म्हणाले, "व्हय गं, ओत."

दवाखान्यातून सिद्धेशचा फोन आला, खडा निघाला म्हणून, तेव्हा स्वरूपचे कपडे न्यायला घरी आलेली ऋतिका दारातच मालुबाईवर तुटून पडली. "डोळे फुटले होते का तुझे? खडा आणि हलवा कळत नाही?" सगळ्या बायका होत्या. मालुबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पदराने तोंड पुसत होते. ती म्हणाली, "मी इचारलं हुतं वो वैनी." "कुणाला विचारलं?" असं ऋतिकाने विचारलं. मालुबाई परत माझ्याकडे बघायला लागली. मी खाली वाकून सांडलेली बोरं वेचायला लागले. तिने माझं नाव घेतलं नाही. जाताना चपला घालत एवढंच म्हणाली, "आक्का, बाळ बरं झालं की कळवा. मी हुंबऱ्याभायेरनं बघून जाईन."

बारा दिवस झाले. मी कळवलेलं नाही.

हे पहिल्यांदाच झालेलं नाही. दिवाळीनंतर एकदा हत्तीचा कान बघते तर अख्खा कान हिरवा. चार दिवसांचं काम, माझ्याच हातचं. कापडावर खुणा स्पष्ट छापलेल्या आहेत. मी दार लावून घेतलं आणि चिमट्याने एकेक खडा उपटला, कुणी यायच्या आत. नाताळात तीन बाटल्यांत दोन दोन रंग मिसळलेले सापडले. मग मी बाटल्या रोज मोजायला लागले. आकडा दर वेळी वेगळा यायचा, म्हणून मोजणं सोडलं. गेल्या आठवड्यात पाववाल्याला आपल्या आप्पांच्या नावाने हाक मारली. तो हसला. मीही हसले.

तुला आता कळलं असेल मला कशाची भीती वाटते. आईला तू चार वर्षं निपाणीला सांभाळलंस. मी महिन्यातून एकदा एसटीने यायचे, फळं घेऊन, आणि तासाभरात परत निघायचे. तू म्हणायचीस, "जरा बस की गं तिच्याजवळ." मी म्हणायचे, बस चुकेल. बस अर्ध्या तासाला एक होती, पूर्णी. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. ती उशीच्या अभ्र्याची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची, आणि मला वाटायचं, हे माझ्या अंगाला लागेल. एकदा तर मी तुलाच म्हणाले की तू तिचं नीट करत नाहीस. त्याची माफी मी कधी मागितली नाही. आज मागते.

सोमवारी ऋतिकाची रजा संपते. सिद्धेश आधीच कामावर जायला लागला. म्हणजे सोमवारपासून स्वरूप सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा माझ्याजवळ, आणि घरात आता मालुबाईही नाही. फक्त तो आणि मी, आणि गॅस, आणि पाण्याची टाकी, आणि माझ्या बीपीच्या गोळ्या. ऋतिका काल म्हणाली, "आई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

सांगितलं तर स्वरूप माझ्या हातून जाईल. त्याला पाळणाघरात ठेवतील, ठेवायलाच हवं. तो दुपारी माझ्या दंडावर गाल ठेवून झोपतो, तेवढ्या वेळात मी हात हलवत नाही. बारा दिवस मी त्या दुपारच्या झोपेसाठी गप्प राहिले. असं लिहिताना लाज वाटते, पण खरं ते हेच.

आज दुपारी सिद्धेश जेवायला घरी येणार आहे. त्याला आणि ऋतिकाला मी सांगणार आहे. त्याआधी हे पत्र पेटीत टाकणार. का ते ऐक. सांगायच्या वेळी माझी जीभ वळली नाही तर तू आहेस. आणि याहून वाईट म्हणजे, पत्र मिळाल्यावर तू फोन केलास आणि मी म्हणाले, "कसला खडा गं?" तर त्याच दिवशी बेळगावला ये आणि हे पत्र सिद्धेशच्या हातात दे. मी रडले, रागावले, तू खोटं बोलतेस म्हणाले, तरी दे.

आता काय कुणाला द्यायचं ते नीट लिहिते. डोकं जाग्यावर आहे तोवर.

मालुबाईला तिचं काम परत द्यायचं, आणि तिला ज्या ज्या बायकांसमोर बोल लावला त्या सगळ्यांना बोलावून त्यांच्यासमोर सांगायचं की तिने विचारलं होतं आणि मी व्हय म्हटलं. माझी मोरपंखी इरकल साडी तिला द्या. ती नको म्हणेल, तरी द्या.

साठ बाटल्या, ताटल्या, पेनं, न उघडलेले दोन संच प्रियदर्शनीला. पण तिची छोटी सहा वर्षांची होईपर्यंत तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्याकडे. बाटल्यांवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक बाटली पांढऱ्या कागदावर ओतून बघा, मगच वापरा.

हत्तीचं चित्र कुणालाही नको. ते फेकून द्यायला सिद्धेशला सांग, मला जमणार नाही.

आईच्या पाटल्या ऋतिकाला. माझ्यावर रागावली असली तरी तिलाच.

स्वरूपला मी द्यावं असं काही नाही. त्याला मला भेटू द्या, एवढंच. कुणीतरी खोलीत बसलेलं असू दे, दार उघडं असू दे. त्याला माझ्या हातून काही खायला देऊ नका, मी कितीही हट्ट केला तरी.

आणि मी. मला तू घेऊ नकोस, पूर्णी. एकदा तू केलंस, तेवढं खूप झालं. सिद्धेश जिथे ठेवेल तिथे मी राहीन. तू मात्र फळं घेऊन ये. आणि आलीस की माझ्यासारखी लगेच उठू नकोस, थोडी बस.

आज सात तारखेला सकाळी साडेदहा वाजता सगळं लख्ख आठवत असलेली,
तुझी
सुवर्णाक्का