औषध घेतलं

प्रिय वहिनीबाई,

वयानं तू धाकटी, पण भांडून माहेरी गेलेल्या बाईला मान द्यावाच लागतो, म्हणून हे ‘बाई’. परत आलीस की पुन्हा नुसती वहिनी.

शेजारणीनं तुला फोनवर सांगितलं, “अगं, तुझ्या नवऱ्यानं औषध घेतलं.” तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. जन्मभर संस्कृत शिकवलं मी, पण खोकल्याचं औषध, किडीचं औषध आणि जीव द्यायचं औषध एकाच शब्दात कोंबणाऱ्या आपल्या बोलीपुढे हात टेकले.

झालं ते असं. तू गेलीस, आणि यानं पॉलिहाऊसमधल्या गुलाबांवर फवारणी काढली. पाठीवरचा पंप गळत होता. सदरा पाठीला चिकटला, तर म्हणे घाम आहे! तसाच जेवला. दुपारी मी डोकावले, तर भर उन्हात घरातले सगळे दिवे लावून बसलेला. “ताई, आज लवकर अंधारलं गं.” डोळ्यांत पाहिलं, तर बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. तोंडातून लाळ गळत होती. दंडाच्या कातडीखाली काहीतरी वळवळत होतं, जसं आत कुणी वाट शोधतंय.

दवाखान्यात आधी त्याला साबणानं धुऊन काढलं, मग उतारा टोचला. पोटात औषधाचा थेंबही नव्हता. पाठीवर मात्र पंपाएवढा लाल चट्टा. प्यायला नाही गं तो, कातडीतून भिनलं. तुझं भांडण इतकं जहाल नव्हतं; उगाच मोठेपणा घेऊ नकोस.

जीव वाचलाय. पण त्या उताऱ्यानं त्याला भास होतात. खाटेजवळच्या रिकाम्या स्टुलाशी हळू आवाजात बोलत असतो. “नीट टेक ना. रागावलीस अजून?” मग उत्तर ऐकल्यासारखा हसतो. काल मी दमून त्यावर बसायला गेले, तर ओरडला, “ताई, तिच्या अंगावर बसतेस काय!” मी, तर्कशास्त्र शिकलेली बाई, चटकन बाजूला झाले. वर “चुकले हं” असंही म्हणाले. कुणाला, ते विचारू नकोस.

डॉक्टर म्हणतात, पायांचा बधिरपणा कदाचित रेंगाळेल, भास मात्र एक-दोन दिवसांत जातील. सगळे त्यावर खूश आहेत. मला त्याचीच धास्ती आहे. भानावर येईल तेव्हा त्याला कळेल, की तू आलीच नव्हतीस. त्याआधी ये. हे पत्र घेऊन आलेली रिक्षा मी तुझ्या दारात थांबवून ठेवायला सांगितलीय.

स्टुलावर अजून कुणी बसलेलं नाही.

तुझीच, उभ्यानं लिहिणारी,
नणंद