काचेच्या पायाने चढलेला जिना

तळमजल्यावर विराजमान शालकमहाशयांस, गच्चीलगतच्या खोलीतून दाजींचे भरभरून आशीर्वाद.

आपली प्रकृती उत्तम असावी. आपला खोकला सकाळपासून मला इथवर ऐकू येत आहे. तरीही विचारतो, कारण कानांना कळणे निराळे आणि रीतीने विचारणे निराळे. आमच्याकडे सर्व कुशल आहे. इतके कुशल, की ते बसून सांगवत नाही, म्हणून हे पत्र मी उभ्याने लिहीत आहे. (डाव्या पायावर. उजवा केवळ सोबतीला आहे.)

घडलेले सारे आपण जाणताच. परंतु विजयाची कथा मुळापासून सांगावी असा पुराणकारांचा दंडक आहे. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, वरच्या फळीवरचा एक भाष्यग्रंथ काढताना मी स्टुलावरून पडलो. ग्रंथाला काही झाले नाही. (त्याचा विषय देहाची नश्वरता हा होता.) माझी डावी नडगी मात्र मोडली, कशीबशी जुळली, आणि आत जंतूंनी बिऱ्हाड थाटले. ते बिऱ्हाड उठवल्यावर हाडात एक पोकळी उरली. ती भरण्यासाठी शल्यवैद्यांनी दोन मार्ग सांगितले: माझ्याच कमरेचे हाड काढून घालावे, नाहीतर कोणीतरी दान केलेले. कमरेच्या आधारावर मी वाचनाला बसतो, तिला धक्का लावू देणे शक्य नव्हते. दान केलेल्या हाडाविषयी मी एवढेच विचारले, की दात्याचे आचरण कसे होते? ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. (देवांच्या शस्त्रासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या ऋषींची कथा मी आयुष्यभर गहिवरून सांगितली, पण घेणाऱ्याच्या बाजूने तिचा विचार कधी केला नव्हता.) शेवटी ते म्हणाले, "मग काच भरू."

हा शब्द ऐकताच आपल्या भगिनी खुर्चीवरून उठल्या. "घरात काच फुटली तर मी कुणाला अनवाणी फिरू देत नाही, आणि तुम्ही ती पायात घालून येणार?" शल्यवैद्यांनी कुपी पुढे केली. आत भरड साखरेसारखे पांढरे दाणे होते. ही खिडकीची काच नव्हे, असे त्यांनी समजावले. शरीरातल्या रसात भिजली की ती हळूहळू विरू लागते, तिच्यातून चुन्यासारखी द्रव्ये सुटतात, आणि तिच्या अंगावर हाडाच्याच जातीचा एक थर चढतो. त्या थराला हाड आपला सोयरा समजते, त्याला बिलगते, नवे हाड वाढू लागते. आणि काच जागा सोडत जाते. "मग शेवटी काचेचं उरतं काय?" चिरंजीवांनी विचारले. "जवळजवळ काही नाही," शल्यवैद्य म्हणाले. दुसऱ्याला उभे करून आपण नाहीसे होणे, हे तर सद्गुरूचे लक्षण! शिवाय भट्टीतून निघालेली, म्हणजे अग्निशुद्ध. आचरणाचा प्रश्नच मिटला. मी तिथल्या तिथे होकार दिला.

त्यानंतरचे वर्ष मी माणूस म्हणून नव्हे, तर भांडे म्हणून काढले. सूनबाईंनी शेजारच्या मुलांना अंगणात चेंडू खेळायला मनाई केली, जणू मी तावदान आहे. कोपऱ्यावरचे घड्याळजी येता-जाता विचारीत, "काय, किणकिणतंय का काही?" आणि आपण, शालकमहाशय, भरल्या पंक्तीत म्हणालात, "दाजींना आता मऊ फडक्यानं पुसावं लागेल." मी क्षमा केली. (विसरलो असे म्हटलेले नाही.) पण गेल्या आठवड्यात चिरंजीवांनी जाहीर केले, की बाबांना आता जिना झेपणार नाही, येत्या रविवारी ग्रंथ खाली आणून खाटेखाली रचू, आणि वरच्या खोलीत जागच्या जागी चालण्याचे यंत्र बसवू. (हे गृहस्थ कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीने जातात.) ज्या खोलीत माझे केस पिकले, जिथला ग्रंथ न् ग्रंथ अंधारातही माझ्या हाताला ओळखतो, ती खोली चालण्यासाठी, तेही कुठेच न पोहोचता! मी जेवणाचे ताट बाजूला सारले. तेव्हा चिरंजीव हसून म्हणाले, "चढून दाखवा बाबा, खोली तुमची." आणि आपण मिशीवर ताव देत गरजलात, "दाजी चढले तर ही मिशी उतरवीन!"

काल शल्यवैद्यांनी क्ष-किरणांचे नवे चित्र उजेडासमोर धरले आणि मलाच म्हणाले, "पोकळी शोधून दाखवा." सापडली नाही. जिथे भगदाड होते तिथे हाड होते, माझे स्वतःचे, माझ्याच आचरणाचे. मी जिन्याविषयी विचारले. "चढा की," ते म्हणाले, "फक्त पहिल्यांदा कुणाला तरी सोबत घ्या." (या वाक्याचा उत्तरार्ध घरी सांगण्याची मला आवश्यकता वाटली नाही.) आज सकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू झाला, तशी मी जिन्याकडे वळलो. कठडा धरला, नामस्मरण सुरू केले आणि डावा पाय उचलला. जिन्याच्या वळणावर दम लागला, पण तो छातीला; नडगी हूं की चूं बोलली नाही. वर पोहोचलो, त्या भाष्यग्रंथावरची धूळ पुसली आणि त्यालाही क्षमा केली. वस्तरा काढून ठेवावा.

आपला विजयी,
दाजी

ता. क. हे पत्र टोपलीत घालून दोरीने आपल्या खिडकीपाशी सोडत आहे. कारण इतकेच, की खोलीच्या दाराला बाहेरून कडी लागली आहे. दार वाऱ्याने आपटते म्हणून कोणीतरी सवयीने लावली असावी. मी आत असेन हे कोणाच्या स्वप्नातही नसणार. हाक मारता येईल, पण कोंडलेल्या माणसाच्या हाकेत विजय ऐकू येत नाही. तरी आपण निमूट येऊन कडी काढावी, घरच्यांना जिन्याच्या पायथ्याशी जमवावे, आणि मी उतरू लागताच चकित व्हावे.

पुन्हा ता. क. चढताना पुढची पायरी दिसते. उतरताना सगळा जिना दिसतो. हे मला कोणत्याही भाष्यात आढळले नाही. येताना आपला खांदा सोबत आणल्यास माझी हरकत नाही.

अखेरचा ता. क. टोपली सोडणार, तोच दारामागून आवाज आला, "झालं का लिहून?" आपल्या भगिनी! माझ्या मागोमाग त्या अख्खा जिना चढल्या होत्या. चाहूल लागू नये म्हणून अनवाणी, आणि पडलो तर झेलावे म्हणून हात पसरून. कडीही त्यांनीच घातली. "चढताना तुम्ही ऐकलं नसतंत. उतरताना एकट्यानं सोडणार नव्हते. तुमच्या हाडाचा फोटो निघाला, माझ्या काळजाचा कुणी काढलाय?" मी पत्र टोपलीतून परत काढले आणि हे लिहायला घेतले. खोली माझीच राहिली, हे चिरंजीवांना त्या स्वतः सांगणार आहेत, कारण साक्षीदार त्याच. मिशी राहू द्यावी. तिच्यावाचून भाऊ ओळखू येणार नाही असे त्यांचे मत पडले. आता आम्ही उतरत आहोत, त्या पुढे, मी मागे. (पडलोच तर कोणावर, हेही ठरले आहे.) आपण मात्र चकित व्हायला विसरू नये.